नव्या गाडीत बाहेरचं इंजिन ऑइल घालायचंय, वॉरंटीचं काय?

पलूसच्या एका तरुणाचा प्रश्न आलाय. १२५ सीसीची गाडी घेऊन आठ महिने झाले, रोज कुपवाड एमआयडीसीत ये-जा, रनिंग साडेअकरा हजार. तीन फ्री सर्व्हिस शोरूमच्याच सर्व्हिस सेंटरला झाल्या, चौथी शिल्लक आहे. आता त्यांना दुसऱ्या एका नावाजलेल्या कंपनीचं फुल सिंथेटिक ऑइल घालायचंय, डबा आणूनही ठेवलाय. डब्यावरचे आकडे-अक्षरं त्यांनी उतरवून पाठवलीत: १०डब्ल्यू-३०, एपीआय एसएन, जासो एमबी. सर्व्हिस सेंटरचा माणूस म्हणाला, "बाहेरचं ऑइल घातलंत की इंजिनची वॉरंटी गेली." हे खरं आहे का, आणि घालायचंच असेल तर वॉरंटी सांभाळून कसं घालायचं, असं त्यांनी विचारलंय.

मी या कामात बावीस वर्षं आहे. त्यातली पहिली नऊ सांगलीतल्या एका अधिकृत सर्व्हिस सेंटरला गेली आणि शेवटची चार तर वॉरंटीच्या टेबलावर. नंतर मिरज रस्त्याला स्वतःचं गॅरेज टाकलं. त्यामुळे टेबलाच्या दोन्ही बाजू पाहिल्या आहेत. त्यावरून सांगतो: डब्यावर दुसऱ्या कंपनीचं नाव आहे एवढ्या एका कारणाने इंजिनचा क्लेम सहसा अडकत नाही. ग्रेड चुकली, बदली वेळेत झाली नाही, बदलीचा कागद नाही, किंवा बदली करताना कुणी नट-फिल्टरची वाट लावली, यातलं काहीतरी असतं म्हणून अडकतो. आणि गावात चर्चा मात्र होते ती "बाहेरचं ऑइल घातलं म्हणून कंपनीने हात वर केले" अशी.

तुम्हाला ज्याने सांगितलं त्याच्यावर चिडू नका. वॉरंटीचं काम आतून कसं चालतं ते आधी बघा. डीलर तुमच्या गाडीचा पार्ट बदलतो, जुना पार्ट टॅग लावून कंपनीकडे पाठवतो आणि मग कंपनी त्याला पार्टचे आणि मजुरीचे पैसे देते. कंपनीच्या माणसाने तो क्लेम नामंजूर केला तर खर्च डीलरच्या अंगावर बसतो. म्हणून टेबलावरचा माणूस आधीच सुरक्षित उत्तर देऊन ठेवतो. मीही दिलेलं आहे. पण प्रत्यक्ष क्लेम तपासताना पहिल्यांदा कॉम्प्युटरवरचं सर्व्हिसचं रेकॉर्ड उघडतात, तारखा आणि किलोमीटर बघतात. मग डिपस्टिक काढून लेव्हल बघतात. मग ऑइल काढून त्यात धातूचा चुरा आहे का, पाणी आहे का, करपल्याचा वास येतो का, हे बघतात. वापरलेलं ऑइल कुठल्या कंपनीचं होतं हे नुसत्या डोळ्यांनी कुणालाच सांगता येत नाही. हजार किलोमीटर पळालं की सगळ्या कंपन्यांचं ऑइल काळं.

वाळव्याकडची एक गाडी मला आजही आठवते. चौदा महिन्यांची, ऊसतोडीच्या हंगामात इंजिन जाम होऊन टेम्पोत घालून आणलेली. ड्रेन नट काढला तर चहाच्या ग्लासभर ऑइल आलं, तेही काकवीसारखं दाट. रेकॉर्डवर पहिली सर्व्हिस तेवढी होती. त्या क्लेमला काही अर्थच नव्हता. पण त्याच महिन्यात तासगावकडचा एक द्राक्षबागायतदार आला. त्याच्या गाडीच्या हेडमधून, म्हणजे इंजिनच्या वरच्या भागातून, खडखड येत होती; कॅम आणि रॉकर हे व्हॉल्व्ह हलवणारे भाग झिजलेले. ऑइल स्वच्छ, लेव्हल बरोबर. तो म्हणाला, "मामा, वेळच्या वेळी बदलतोय ओ, आमच्या गावातल्या मिस्त्रीकडं. डबा मी स्वतः आणून देतोय." माणूस खरं बोलतोय हे मला त्या ऑइलवरूनच कळत होतं. पण बिल एकही नव्हतं. सर्व्हिस बुकात तीन पानं कोरी. क्लेम पाठवला, परत आला, शेरा एकच: सर्व्हिसचा पुरावा नाही. तीन-चार साधी बिलं असती तर मी ती क्लेमला जोडून भांडलो असतो. त्या अनुभवामुळे माझ्या गॅरेजमधून एकही गाडी ऑइल बदलून बिलाशिवाय बाहेर जात नाही. गिऱ्हाईक नको म्हणालं तरी बिल त्याच्या सर्व्हिस बुकात घालून देतो.

आता तुम्ही पहिलं काम करा. डिकीतली मालकाची पुस्तिका आणि वॉरंटीची पानं काढून शांतपणे वाचा. ऑइलबद्दल दोन ठिकाणी लिहिलेलं असतं. तांत्रिक माहितीच्या तक्त्यात ग्रेड असते आणि वॉरंटीच्या अटींत कशाकशाला वॉरंटी लागू नाही याची यादी असते. तक्त्यात बहुतेक वेळा कंपनीच्या स्वतःच्या ऑइलचं नाव, त्यापुढे "शिफारस" हा शब्द आणि खाली एसएई (जाडी), एपीआय (दर्जा), जासो (मोटरसायकलचं मानक) असे तीन आकडे-अक्षरांचे गट असतात. अटींत बहुधा असं असतं की शिफारस केलेल्या ग्रेडचं ऑइल न वापरल्यामुळे झालेलं नुकसान वॉरंटीत धरलं जाणार नाही. वाक्य नीट वाचा. ते नुकसानाबद्दल बोलतं, आख्ख्या गाडीच्या वॉरंटीबद्दल नाही. तुमच्या पुस्तिकेत याहून कडक भाषा असेल, म्हणजे "फक्त आमचंच ऑइल, नाहीतर वॉरंटी रद्द", तर माझा सल्ला वेगळा आहे आणि तो पुढे कायद्याच्या ठिकाणी सांगतो.

डबा कसा वाचायचा हे जरा सविस्तर सांगतो, कारण सगळं इथंच आहे.

मोटारीच्या इंजिनचं ऑइल वेगळं, गिअरबॉक्सचं वेगळं, आणि क्लच कोरडा. मोटरसायकलला तसं नसतं. एकच लिटरभर ऑइल पिस्टन-बोअर आणि कॅमला वंगण देतं, गिअरच्या दातांमध्ये चिरडलं जातं आणि वर क्लचच्या प्लेटाही त्यातच बुडालेल्या असतात. म्हणजे या ऑइलने एका ठिकाणी घर्षण कमी करायचं आणि दुसऱ्या ठिकाणी प्लेटांची पकड मात्र टिकवून धरायची. मोटारींच्या ऑइलमध्ये पेट्रोल वाचावं म्हणून घर्षण कमी करणारी रसायनं वाढत गेली, तसे मोटरसायकलींचे क्लच घसरायला लागले. म्हणून जपानी वाहन मानक संस्थेने १९९८ मध्ये मोटरसायकलच्या फोर स्ट्रोक ऑइलसाठी वेगळं मानक काढलं. डब्यावर "जासो" दिसतं ते हेच. त्यात एमए म्हणजे ओल्या क्लचला चालणारं, पकड टिकवणारं. २००६ मध्ये एमएचे एमए१ आणि एमए२ असे दोन पोटभाग केले, त्यात एमए२ ची पकड जास्त. आणि एमबी म्हणजे कमी घर्षणाचं. ते ज्यांचा क्लच ऑइलमध्ये नसतो अशा गिअर नसलेल्या स्कूटरसाठी.

आता तुमचा डबा परत बघा. १०डब्ल्यू-३० बरोबर आहे, एसएन चांगलंच आहे, पण एमबी आहे. ते स्कूटरचं ऑइल आहे. तुमच्या गाडीत ते घालू नका. दुकानदाराने फसवलंय असं मी म्हणत नाही, शेल्फवर दोन्ही डबे शेजारी-शेजारी असतात आणि पुढून जवळपास सारखेच दिसतात. पण हे ऑइल घालून क्लच घसरला असता आणि तुम्ही क्लेम टाकला असता, तर कंपनीचं म्हणणं शंभर टक्के बरोबर ठरलं असतं. तिथं मीही तुमच्या बाजूने काही बोलू शकलो नसतो.

क्लच घसरतो म्हणजे काय ते एकदा पाहिलं की विसरत नाही. कवठेमहांकाळच्या एका मास्तरांनी मोटारीच्या सर्व्हिसमधलं उरलेलं ५डब्ल्यू-३० ऑइल बाइकमध्ये ओतलं. ऑइल महागाचं होतं, नावाजलेलं होतं, पक्क्या बिलाचं होतं. सपाटीला काही जाणवलं नाही. पंधरा दिवसांनी दोघं बसून दंडोबाच्या डोंगराकडे निघाले आणि चढाला लागल्यावर चौथ्या गिअरमध्ये मूठ पिळली की इंजिन ओरडायचं, पण गाडी काही पुढे सरकायची नाही. जळक्या प्लेटांचा वास नाकात. आम्ही ऑइल काढून बरोबर ग्रेडचं घातलं, तरी फरक पडला नाही, प्लेटा करपल्या होत्या. बदलाव्या लागल्या. आणि क्लच प्लेट, ब्रेक शू, चेन-स्प्रॉकेट ही झिजणारी चीज असल्याने ती बहुतेक कंपन्यांच्या वॉरंटीत धरलेलीच नसते, म्हणजे भुर्दंड सगळा स्वतःचा.

एपीआयच्या अक्षरांबद्दल घोळ कमी आहे. एस पेट्रोल इंजिनाचा, पुढचं अक्षर जितकं पुढचं तितकं मानक नवं: एसजे, एसएल, एसएम, एसएन, एसपी. पुस्तिकेत "एसएल किंवा त्याहून वरचं" असं असेल तर एसएन चालतं. पण नुसतं एपीआय बघून भुलू नका, त्याच्या जोडीला जासोचं एमए किंवा एमए२ हवंच. पुस्तिकेत एमए असेल तर एमए२ चालेल. पुस्तिकेत एमए२ असेल तर एमए१ वर भागवू नका.

राहिली जाडी. १०डब्ल्यू-३० मध्ये पहिला आकडा थंडीतल्या वागण्याचा आणि दुसरा इंजिन तापल्यावर, म्हणजे १०० अंश सेल्सिअसला, ऑइल किती दाट राहतं त्याचा. आपल्याकडे मार्च उजाडला की लोक म्हणतात, "ऊन वाढलं, २०डब्ल्यू-५० टाका." हा जुन्या गाड्यांचा हिशेब आहे. आताच्या शंभर-सव्वाशे सीसीच्या इंजिनात बेअरिंगमधल्या फटी आणि ऑइलच्या वाटा बारीक आहेत. सकाळी सेल मारल्यावर दाट ऑइल हेडपर्यंत पोहोचायला उशीर करतं आणि कॅमची झीज होते ती त्याच पहिल्या काही सेकंदांत. बाहेर २५ अंश असो की ४०, त्या सव्वाशे सीसीच्या इंजिनाला किती दाट ऑइल हवं ते गाडी बनवणाऱ्याने मोजून ठरवलेलं आहे. उलट ज्यांच्या पुस्तिकेत जाड ऑइल आहे त्यांनी ते पातळ करू नये. रॉयल एनफिल्डच्या नव्या ३५० ला १५डब्ल्यू-५० सांगितलंय, तिथं मित्राच्या गाडीचं उरलेलं १०डब्ल्यू-३० ओतायचं नाही.

गावाकडे आणखी एक सवय आहे ती ट्रॅक्टरच्या ऑइलची. घरात पाच लिटरचा कॅन असतो, १५डब्ल्यू-४०, डिझेल इंजिनाचा. त्यातलंच काढून बाइकला. त्याने क्लच लगेच घसरेल असं नाही, कित्येकांच्या गाड्या त्यावर वर्षानुवर्षं पळतात. पण वॉरंटीतल्या गाडीला ते घातलं की जाडीही चुकली आणि जासोचा शिक्काही नाही. उद्या इंजिनचं काम निघालं तर तुमच्या हातात बोलायला काही उरत नाही. दूध घालणाऱ्या पोरांना मी हे हात जोडून सांगतो. दोन बाजूंना कॅन लटकवून पहाटे गल्लीबोळातून पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये, अर्ध्या क्लचवर चालवलेली गाडी ऑइलला सगळ्यात जास्त राबवते. त्यांनी तर काटकसर ऑइलवर करूच नये.

तुम्हाला फुल सिंथेटिकच का हवंय ते तुम्ही लिहिलेलं नाही. माझं मत स्पष्ट आहे. तुमच्या वापराला, म्हणजे रोज पन्नास-साठ किलोमीटर एका लयीत, पुस्तिकेतल्या ग्रेडचं साधं ऑइल वेळेवर बदललं तरी इंजिन उत्तम राहतं. सिंथेटिक ऑइल उष्णतेत जास्त टिकतं, थंडीत लवकर पसरतं, गिअर मऊ पडतात, हे खरं आहे. वाईट काहीच नाही. पण डब्यावर किंवा व्हिडिओत "दहा हजार किलोमीटर चालतं" म्हटलंय म्हणून बदली लांबवलीत तर तिथं वॉरंटी खरोखर जाते. वॉरंटी असेपर्यंत बदलीचं अंतर पुस्तिकेचं, मग ऑइल कितीही महागाचं असो. आणि ऑइलच्या जोडीला ती इंजिन ट्रीटमेंटची छोटी बाटली विकतात, ती अजिबात घालू नका. त्यातही घर्षण कमी करणारीच रसायनं असू शकतात, आणि क्लच त्याच ऑइलमध्ये आहे.

डबा खरा असणं हाही भाग आहे. रिकामे डबे भंगारात जातात आणि त्यातले काही भरून परत येतात. माझ्या गॅरेजमध्ये डबा रिकामा झाला की पोरगं आधी त्याला स्क्रू ड्रायव्हरने भोक पाडतं, मगच टाकतं. तुम्हीही पाडा. विकत घेताना झाकणाची कडी तुटलेली नाही ना, झाकणाखालचं सील एकसंध आहे ना, डब्यावर छापलेला बॅच नंबर आणि तारीख पुसट किंवा खरवडलेली नाही ना, बघा. कंपनीने स्कॅन करायचा कोड दिला असेल तर दुकानातच स्कॅन करा. जासोच्या खऱ्या शिक्क्यात नुसतं एमए२ नसतं, एक चौकट असते आणि तिच्यात त्या ऑइलचा नोंदणीचा क्रमांक असतो. जीएसटीचं पक्कं बिल घ्या आणि बिलावर दुकानदाराला नुसतं "इंजिन ऑइल १ नग" लिहू देऊ नका. ब्रँड, ग्रेड, जासो, सगळं लिहून घ्या. खळखळ करेल, पण लिहून देतो.

आता प्रत्यक्ष बदली. बाहेर ऑइल बदलल्यामुळे इंजिनचं नुकसान झालेलं मी जितकं पाहिलंय, त्यात ऑइलपेक्षा हातांचा दोष जास्त. इंजिनचा खालचा भाग ॲल्युमिनियमचा, ड्रेन नट लोखंडी. पान्याला पाइप घालून आवळला की आटे निघालेच. मग कुणीतरी टेफ्लॉनची टेप गुंडाळून देतो, ऑइल थेंब-थेंब गळतं आणि महिन्याभरात लेव्हल खाली. यावर कुठलीही कंपनी वॉरंटी देणार नाही आणि द्यायलाही नको. नट किती आवळायचा त्याचा आकडा ठरलेला असतो, टॉर्क रेंच असलेल्याकडेच काम द्या. वॉशर दर वेळी नवा. कागदी फिल्टर असलेल्या गाडीत फिल्टरची एक बाजू आत, एक बाहेर अशी ठरलेली असते. उलटा बसला किंवा त्याची ओ-रिंग जुन्या झाकणाला चिकटून राहिली की हेडला ऑइल कमी पडतं. माझ्याकडे मिरजेची एक गाडी अशी आली होती: ऑइल नवंकोरं, ग्रेड अचूक, बिल खिशात, आणि फिल्टर उलटा. हेड उघडलं तर कॅमवर निळा डाग पडला होता, ऑइलविना तापल्याचा. तो मुलगा सारखा ऑइलच्या कंपनीला दोष देत होता. ऑइल निर्दोष होतं.

लेव्हलही लोक चुकीची बघतात. गाडी मेन स्टँडवर, इंजिन दोन-तीन मिनिटं चालवून बंद करा, आणखी दोन-तीन मिनिटं थांबा, मग बघा. डिपस्टिक असेल तर काही गाड्यांत ती नुसती टेकवायची असते, काहींत आटे फिरवून पूर्ण बसवायची असते. दोन्हींत बराच फरक येतो, तेव्हा पुस्तिकेत बघा. जास्तीचं ऑइलही चांगलं नाही, ते ब्रीदरमधून एअर फिल्टरच्या डब्यात चढतं. महिन्यातून दोनदा बघायची सवय लावा. लेव्हल बघणं हे मालकाचं काम आहे असं वॉरंटीच्या अटींतही धरलेलं असतं.

चौथी फ्री सर्व्हिस मात्र अधिकृत सेंटरलाच करा, ठरलेल्या दिवसांत आणि किलोमीटरात. फ्री म्हणजे मजुरी फ्री, ऑइलचे पैसे ते लावतातच, हे तुम्हाला ठाऊक आहे. तिथं तुमचा डबा घेऊन जा आणि गाडी देतानाच सांगा, "ऑइल माझं घाला आणि जॉब कार्डवर तसं लिहा: ग्राहकाने आणलेलं ऑइल, ब्रँड अमुक, ग्रेड तमुक." काही सेंटर घालतात, बरीच घालत नाहीत. नाही म्हणाले तर त्या दिवशी त्यांचंच ऑइल घ्या आणि मुकाट्याने सर्व्हिस पूर्ण करा. शे-दोनशे रुपयांच्या फरकासाठी रेकॉर्डवरची सर्व्हिस चुकवणं हा फार महागाचा सौदा आहे. तुमचं ऑइल पुढच्या बदलीला घाला.

आणि जेव्हा बाहेर बदलाल तेव्हा मोबाइलवर चार फोटो काढून ठेवा: मीटरचं रनिंग, भरलेल्या डब्याची मागची बाजू, सील फोडतानाचा एक, आणि बिल. बिलावर गाडीचा नंबर आणि रनिंग लिहून घ्या. हे सगळं एका फोल्डरमध्ये. बिलाची शाई वर्षभरात उडते, थर्मल कागद असतो, म्हणून फोटो हवाच.

कायद्याचं बोलायचं तर "बाहेरचं ऑइल घातलं तरी वॉरंटी जात नाही" असं सांगणाऱ्या व्हिडिओत ज्या कायद्याचा उल्लेख येतो तो बहुधा अमेरिकेतला १९७५ चा मॅग्नसन-मॉस कायदा असतो. ग्राहकाला वस्तू फुकट न देता वॉरंटीसाठी ठरावीक ब्रँडच वापरायची अट तिथं सर्वसाधारणपणे घालता येत नाही. तो सांगलीत लागू नाही. आपल्याकडे ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ आहे. त्याच्या कलम २(४१) मध्ये एक वस्तू किंवा सेवा मिळण्यासाठी दुसरी घेण्याची सक्ती करणं "प्रतिबंधक व्यापारी प्रथा" म्हटलंय. आणि भारतीय स्पर्धा आयोगाने २५ ऑगस्ट २०१४ रोजी चौदा मोटार कंपन्यांच्या प्रकरणात आदेश दिला, त्यात म्हटलं की बाहेर दुरुस्ती केली एवढ्यावरून सरसकट वॉरंटी रद्द करता येणार नाही. चुकीच्या दुरुस्तीने जेवढं नुकसान झालं असेल तेवढ्यापुरतीच ती नाकारता येईल. हा आदेश चारचाकींच्या प्रकरणातला आहे आणि पुढे अपिलातही गेला, त्यामुळे तो तुमच्या बाइकला जसाच्या तसा चिकटवता येत नाही. पण त्यातला विचार टेबलावर उपयोगी पडतो: नुकसान झालं ते त्या ऑइलमुळेच झालं, हे कंपनीने दाखवावं.

म्हणूनच पुस्तिकेत "फक्त आमचंच ऑइल" अशी सक्त ओळ असेल तर ती ओळ कायद्यापुढे टिकेलच असं नाही, पण ती टिकते की नाही हे ठरेपर्यंत गाडी तुमची बंद असेल. अशा वेळी कंपनीच्या ग्राहक सेवेला ईमेल करा: अमुक ग्रेडचं, अमुक ब्रँडचं ऑइल वापरलं तर वॉरंटी कायम राहील का? उत्तर लेखी आलं तर उत्तम. आलं नाही किंवा नाही म्हणून आलं, तर वॉरंटी संपेपर्यंत त्यांचंच ऑइल घाला. मी माझ्या मुलाच्या गाडीला हेच केलं.

क्लेम नाकारला गेलाच तर तोंडी "नाही" घेऊन घरी येऊ नका. कुठला पार्ट, काय बिघाड, आणि ऑइलचा त्याच्याशी संबंध कसा, हे लेखी मागा. मीटर बंद पडणं, फोर्कचं सील गळणं, हँडलचा कोनसेट वाजणं, सेल्फ न लागणं यांचा इंजिन ऑइलशी काडीचाही संबंध नाही. तिथं ऑइलचं नाव काढलं तर शांतपणे पण ठाम उभं राहा. इंजिनचाच बिघाड असेल तर तुमच्यासमोर असल्याशिवाय उघडू देऊ नका, आणि इंजिनमधलं ऑइल फेकू देऊ नका. स्वच्छ, कोरड्या बाटलीत पाव लिटर काढून, झाकणावर चिकटपट्टी लावून, त्यावर तारीख, गाडीचा नंबर आणि दोघांच्या सह्या घ्या. पुढे जिल्हा ग्राहक आयोगात गेलात तर तपासणीशिवाय दोष ठरवता येत नसेल तेव्हा आयोग प्रयोगशाळेकडून तपासणी करवू शकतो. त्याआधी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ वर तक्रार नोंदवा, बरीच प्रकरणं तिथंच मिटतात. आयोगात तक्रार कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत करायची असते, पाच लाखांपर्यंतच्या वस्तूला फी नाही, आणि तुम्ही राहता त्या जिल्ह्यात करता येते. म्हणजे कंपनी कुठलीही असो, तुम्हाला सांगलीच्या बाहेर जायला नको.

पुराबद्दलही सांगतो, कारण पलूस कृष्णाकाठचा तालुका. २०१९ ला आणि परत २०२१ ला बुडालेल्या गाड्या आमच्याकडे रांगेने आल्या. ऑइल काढलं की दूध जास्त झालेल्या चहासारखं. ज्यांनी पाणी ओसरल्यावर सेल मारून बघितला त्यांची इंजिनं गेली, ज्यांनी ढकलत आणली त्यांची बहुतेक वाचली. हा वॉरंटीचा विषय नाही, विम्याचा आहे. तिथं बाहेरचं की कंपनीचं हा वादच नसतो: बॅटरी सोडवा, ऑइल काढा, नवं घाला, थोडं चालवून तेही काढा.

तर तुमच्यापुरतं असं करा. एमबीचा डबा सील न फोडता, बिलासकट दुकानात परत न्या आणि त्याच ब्रँडचा १०डब्ल्यू-३०, एमए२ मागा. अर्थात आधी पुस्तिकेत १०डब्ल्यू-३० च आहे याची खात्री करून. दुकानदार परत घेत नसेल आणि घरात स्कूटर असेल तर तिच्या पुस्तिकेत बघा, बहुधा तिला हेच लागतं. तुमच्या इंजिनात बदलीच्या वेळी डबाभर ऑइल जाईलच असं नाही. पुस्तिकेत "ऑइल बदलताना" आणि "इंजिन पूर्ण उघडल्यावर" असे दोन आकडे असतात, तुम्ही पहिला धरा, मापाने ओता. उरलेलं त्याच डब्यात घट्ट झाकून ठेवा, झाकणावर मार्करने तारीख लिहा. दोन बदल्यांच्या मध्ये लेव्हल खाली दिसली तर तेच वरून घाला, दुसरं कुठलं नको.